आगरातली बुजरी मांजरं: खायला घालायचं, हाकलायचं की पकडायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. हर्णै बंदराजवळच्या गावात तुमचं घर, मागे नारळी-पोफळीचं आगर आणि परसात लाकडांची खोप. दोन वर्षांपूर्वी एक राखाडी भाटी, म्हणजे मांजरी, त्या खोपीत येऊन व्याली आणि आज लहानमोठी आठ-नऊ मांजरं आहेत. तुम्ही रोज भात-मासळी टाकता, पण हात पुढे केला की ती फिस्कारून गडग्यापलीकडे पळतात. गेल्या आठवड्यात पुतण्याने पिल्लू उचलायला हात घातला आणि त्याला ओरखडा आला. शेजारचे काका म्हणतात, गोणीत भरून खाडीपलीकडे सोडून येतो. सासूबाई म्हणतात, खायला घालणं बंद कर, आपोआप जातील. तुम्ही विचारताय की ही मांजरं कधी माणसाळतील का, आणि माणसाळणार नसतील तर करायचं काय.

बाकी सगळं चार दिवस थांबेल, पुतण्याचं थांबणार नाही. रेबीजची लस सुरू केली का हे तुम्ही लिहिलेलं नाही. केली नसेल तर आजच त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. आठवडा उलटला, आता काय उपयोग, असं म्हणू नका; उशीर झाला तरी लस घ्यायचीच असते. आपल्याकडे रेबीज म्हटलं की कुत्राच आठवतो, पण पिसाळलेलं जनावर चावलेल्या मांजरालाही रेबीज होतो आणि त्याच्याकडून तो माणसाला होऊ शकतो. रक्त न येता नुसता ओरखडा उठला तर ती जखम दुसऱ्या श्रेणीत धरतात आणि लस देतात. रक्त आलं किंवा दात रुतला तर तिसरी श्रेणी; मग लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे रेबीजविरोधी तयार प्रतिद्रव्यही, टोचावं लागतं. लस स्नायूत देत असतील तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, कातडीत देत असतील तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. पोरगं बरं दिसतंय म्हणून शेवटचे डोस चुकवू नका. चावलेलं मांजर दहा दिवस धडधाकट राहिलं तर त्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता, हे खरं आहे. पण ते डोळ्यांसमोर राहणाऱ्या, ओळखू येणाऱ्या जनावराबद्दल. खोपीतल्या सारख्या दिसणाऱ्या पिल्लांपैकी नेमकं कोणतं होतं हे तुम्हाला सांगता येणार नाही, तेव्हा त्या दहा दिवसांच्या भरवशावर लस थांबवू नका.

यापुढे कुणालाही ओरखडा आला किंवा चावा बसला तर पहिलं काम म्हणजे वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुणं. हळद, चुना, तंबाखू, मिरची काही लावायचं नाही. मांजराचा दात सुईसारखा असतो. वरून भोक बारीक दिसतं आणि आत जंतू खोल जातात, हात एका रात्रीत सुजतो. मोठ्या मांजराचा चावा त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचा.

आता मांजरांकडे वळू. तुमची मांजरं दुष्ट नाहीत आणि कृतघ्नही नाहीत. मांजराच्या पिल्लाला माणूस आपला वाटायला लागतो तो काळ फार छोटा असतो, साधारण दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत. त्या दिवसांत त्याला माणसाचा हात, वास, आवाज मिळाला तर ते जन्मभर माणसाजवळ येतं. त्या दिवसांत ते लाकडांच्या ढिगात आईपाशी दडून राहिलं तर मोठेपणी माणूस त्याच्या लेखी कुत्र्या-कोल्ह्यासारखाच धोका असतो. तुम्ही दोन वर्षं खायला घातलंत म्हणून ती तुमच्या पावलांचा आवाज ओळखतात, ठरल्या वेळी वाट पाहतात, पण मांडीवर येऊन बसणार नाहीत. तशी अपेक्षा ठेवू नका आणि मुलांनाही ठेवू देऊ नका. मोठं झालेलं बुजरं मांजर पकडून घरात कोंडणं म्हणजे त्याचे हाल आहेत. ते खाणंपिणं सोडतं, कोपऱ्यात अंग चोरून बसतं, आणि संधी मिळाली की चावतं.

पण आठ-नऊही सारखी नसतील. आठवडाभर जेवणाच्या वेळी लांब बसून नीट बघा आणि वहीत लिहून ठेवा. शेपूट उभी करून येतं, तुमच्याकडे बघून म्यांव करतं, दिवसाढवळ्या पडवीच्या पायरीवर बसतं, ते बहुधा कधीतरी कुणाच्या घरात वाढलेलं आहे. मोठी मांजरं एकमेकांशी म्यांव करून फारशी बोलत नाहीत, ती बोली माणसासाठी राखलेली असते. असं मांजर थोड्या धीराने पुन्हा घरचं होऊ शकतं. जे आवाज करत नाही, जमिनीलगत वाकून चालतं, तुम्ही आत गेल्याशिवाय ताटलीकडे येत नाही, ते जन्मापासून मोकळं आहे. वहीत रंग, खुणा, भाटी की बोका, कोणाचं पोट दिसतंय, कोण दूध पाजतंय हे टिपा. तिरंगी, म्हणजे काळं-तांबूस-पांढरं मांजर जवळपास नेहमीच भाटी असतं. गोल मोठं डोकं, फुगलेले गाल, कानांवर मारामारीच्या खुणा असतील तो नसबंदी न झालेला बोका. पुढचं सगळं काम या वहीवर चालतं.

काकांच्या गोणीबद्दल मला स्पष्ट बोलायचंय, कारण किनाऱ्यावर हा प्रकार सर्रास चालतो. मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर द्यावं लागतं, हे आपल्याकडे आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे मारत कोणी नाही, खाडी ओलांडून सोडून येतात. सोडलेल्या मांजराला तिथला पाण्याचा ठाव, लपायची जागा, खाण्याची वेळ काहीच माहीत नसतं. तिथली आधीची मांजरं त्याला टिकू देत नाहीत. बरीचशी घराच्या दिशेने निघतात आणि रस्त्यावर चिरडतात, उरलेली उपासमारीने जातात. मागे पिल्लं राहिली असतील तर ती खोपीत तडफडून मरतात आणि दोन दिवसांनी तुम्हाला वासावरून कळतं. हा गुन्हाही आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा जनावर वाऱ्यावर सोडून देणं क्रूरतेत धरतो, आणि जनावर मारणं किंवा जायबंदी करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली येतं.

हे सगळं ऐकूनही काका म्हणतील, "पण आपल्याकडची ब्याद तर गेली ना?" ती जात नाही. तुमच्या परसात मांजरं आली ती तिथे खायला आहे, लपायला खोप आहे आणि उंदीर आहेत म्हणून. मांजरं उचलली तरी या तिन्ही गोष्टी तिथेच राहतात. महिना-दोन महिन्यांत बंदराकडची नवी मांजरं जागा धरतात, आणि त्यांत नसबंदी झालेलं एकही नसतं. मागे एखादी भाटी राहिली असेल तर तिच्या पिल्लांना आता जास्त खायला मिळतं, म्हणून ती जास्त जगतात. गोणी भरून सोडून आलेल्या वाड्यांत वर्षाने पुन्हा तेवढीच मांजरं मी पाहिली आहेत.

सासूबाईंचा उपाय वरकरणी सरळ वाटतो, पण तुमच्या गावात तो उलटतो. जवळच बंदर आहे. होड्या लागल्या, लिलाव झाला की वाळूत डोकी, आतडी, बारीकसारीक मासळी पडलेली असते. तुमच्या ताटलीवर ही मांजरं जगत नाहीत, ती तुमच्याकडे जेवणाचा एक भाग घेतात. ताटली बंद केलीत तर ती परसातच राहतील, फक्त दांडीवर वाळत घातलेले बोंबील ओढतील, कोंबडीची पिल्लं उचलतील, स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत येतील. शिवाय ती तुमच्यासमोर एका वेळी एका जागी येणं बंद होईल, आणि मग ती पकडणं फार अवघड.

खरा उपाय म्हणजे ती पकडून, नसबंदी करून त्याच जागी परत सोडणं. म्हणून खायला घालणं चालू ठेवा, पण रीत बदला. आता दिवसभर थोडंथोडं टाकता, रात्रीचं उरलेलं खोपीजवळ ओतता, ते पहिल्यांदा थांबवा. दिवसातून एकदा, उजेडात, एकाच जागी, घराच्या दारापासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब. अर्ध्या तासाने ताटल्या उचलायच्या. रात्री पडून राहिलेलं अन्न भटके कुत्रे, कोल्हे, उदमांजर यांना बोलावतं, आणि कुत्री-मांजरं जमतात तिथे बिबट्याही फेरी मारतो, हे दापोली-मंडणगडकडच्या लोकांना मी सांगायला नको. २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियमही मोकळ्या जनावरांना खायला घालण्याची जागा आणि वेळ ठरवून द्यायला सांगतात, जिने, प्रवेशद्वार आणि मुलांच्या जागा टाळून. तेव्हा काकांशी वाद झाला तर "मी घालणारच" असं न म्हणता "मी या वेळेला, या जागी घालते आणि नंतर झाडून घेते" असं सांगा. माणूस या दुसऱ्या वाक्याला नरमतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

काय घालायचं? भात आणि उकडलेली मासळी चालेल. मासळी उकडूनच द्या. काही माशांत कच्चे असताना ब-१ जीवनसत्त्व मोडणारं द्रव्य असतं, आणि रोज तीच कच्ची मासळी खाल्ली तर मांजराला झटके येऊ शकतात, तोल जातो. शिंगाळ्याचे काटे काढून टाका. जाळ्यात आलेला केंड मासा चुकूनही टाकू नका, त्याच्या विषाने मांजर तासाभरात जाऊ शकतं. मोठ्या मांजराला दूध बहुधा पचत नाही, जुलाब होतात. स्वच्छ पाणी ठेवा.

किनाऱ्यावरचं वर्ष मांजरांनाही वेगळं असतं, आणि नसबंदीचं वेळापत्रक आखताना ते लक्षात घ्यावं लागतं. तुमचा प्रश्न मे महिन्यात आलाय. आत्ता चाकरमानी घरी आहेत, प्रत्येक परसात खरकटं पडतंय, मांजरं पोटभर आहेत. १ जूनला मासेमारी बंदी लागते ती ३१ जुलैपर्यंत. बंदरावरचं खाणं एकदम आटतं, चाकरमानी परत गेलेले असतात, पाऊस धरतो. याच दोन महिन्यांत लोक तक्रार करतात की मांजरं फार वाढली, घरात घुसतात. ती वाढलेली नसतात, किनाऱ्यावरून वस्तीत आलेली असतात आणि भुकेली असतात. भुकेलं मांजर पिंजऱ्यात सहज येतं. म्हणून मी तुम्हाला सांगेन की मेचे उरलेले दिवस सवय लावण्यात घालवा आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, पावसाची झड लागण्याआधी, जितक्या भाट्या पकडता येतील तितक्या पकडा. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा जोरात लागल्या की हीच मांजरं भाजलेल्या बांगड्याकडेही बघत नाहीत.

भाट्या आधी, असं का म्हणते ते सांगते. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. गाभणकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा, वेताला तीन-चार पिल्लं, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. थंड देशांत हिवाळ्यात दिवस लहान झाला की माज थांबतो. आपल्याकडे दिवसाच्या लांबीत तेवढा फरक पडत नाही, म्हणून वर्षभर कुठली ना कुठली भाटी व्यालेली असते. एका वस्तीतले दहापैकी नऊ बोके तुम्ही खच्ची केलेत आणि एक राहिला, तरी तो एकटा सगळ्या भाट्यांना पुरतो. भाट्यांचं तसं नाही, जितक्या झाल्या तितकी वेतं कमी. मोठ्या वस्तीत शंभरातल्या सत्तरांहून जास्त मांजरांची नसबंदी झाली आणि ती टिकवली तर संख्या खाली यायला लागते. तुमच्याकडे आठ-नऊच आहेत, तिथे सगळ्या भाट्या करणं शक्य आहे आणि तेच लक्ष्य ठेवा. बोके नंतर घ्या. त्यांची नसबंदीही हवी, कारण रात्रीचं ओरडणं, मारामाऱ्या, भिंतीवर मुताची फवारणी यांतलं बरंच बोक्यांचं असतं आणि ते काही आठवड्यांत उतरतं. नसबंदीनंतर महिनाभर तरी बोक्याच्या अंगात पिल्लं देण्याची ताकद शिल्लक राहू शकते, हेही ध्यानात ठेवा.

पकडण्याची पद्धत. मांजराला हाताने, गोणीत किंवा मासळीच्या जाळ्यात धरायला जाऊ नका. तुम्ही फाटाल आणि मांजर पुन्हा कधी त्या जागी येणार नाही. आत पाय ठेवला की दार पडतं असा लोखंडी जाळीचा पिंजरा लागतो. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या बहुतेक संस्थांकडे तो असतो, नाहीतर गावचा वेल्डिंगवाला नमुना दाखवल्यावर करून देतो. आतली पाय ठेवायची पट्टी मांजराच्या वजनाने पडेल इतकी हलकी हवी आणि दार पडल्यावर आतून ढकललं तरी उघडता कामा नये. आठवडाभर पिंजरा जेवणाच्या जागी दार बांधून उघडा ठेवा आणि ताटली रोज वीतभर आत सरकवत न्या. मांजरं बिनधास्त आत जाऊन जेवायला लागली की आदल्या संध्याकाळपासून खायला द्यायचं नाही, पाणी ठेवायचं. सकाळी तळाला वर्तमानपत्र घालून शेवटच्या टोकाला चुलीत भाजलेल्या सुक्या बांगड्याचा छोटा तुकडा ठेवायचा. त्या वासाला मांजर आवरत नाही. तुकडा छोटाच ठेवा, पोट भरलेल्या मांजराला भूल देणं धोक्याचं असतं.

दार पडलं की मांजर वेड्यासारखं आपटतं. लगेच जाड चादर टाकून सगळा पिंजरा झाका. अंधार झाला की ते एका मिनिटात शांत होतं. पिंजरा लावून शेतावर निघून जायचं नाही. ऊन, लाल मुंग्या आणि कुत्री यांपैकी काहीही अडकलेल्या जनावराचा जीव घेऊ शकतं. आत मुंगूस, उदमांजर किंवा जंगली मांजर आलं तर दार उघडून मागे सरकायचं. लांब पाय, कानांच्या टोकाला केसांचे झुपके, अंगावर ठिपके नाहीत आणि आखूड शेपटीच्या टोकाला काळे कडे, असं दिसलं तर ते रानातलं मांजर आहे. ठिपक्यांची वाघाटी तर घरच्या मांजराहून लहान असू शकते. ही सगळी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. शेतात किंवा माळ्यावर ठिपक्यांची पिल्लं दिसली तर उचलून घरी आणू नका, आई बहुतेक वेळा परत येते. शंका असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर विचारा.

शस्त्रक्रियेसाठी आधी तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना भेटा. सगळ्या सरकारी दवाखान्यांत मांजराची नसबंदी होत नाही, कारण तिथला बहुतेक वेळ गाईम्हशींत जातो. पण कुठला खासगी पशुवैद्यक करतो, कुठली संस्था शिबिर घेते, हे त्यांना माहीत असतं. वाडीतल्या चार घरांनी मिळून मांजरं एकदम नेली तर डॉक्टरही वेळ काढतात आणि खर्च वाटला जातो. डॉक्टरांना चार गोष्टी आधी सांगा: मांजर मोकळं आहे, टाके काढायला परत आणता येणार नाही, म्हणून आत विरघळणारे टाके घालावेत, त्याच भुलेत रेबीजची लस आणि जमलं तर मांजरांच्या साथरोगांची लस द्यावी, जंताचं औषध द्यावं, आणि डाव्या कानाचं टोक सरळ रेषेत थोडंसं कापावं. हे कापणं भुलेत होतं, दुखत नाही, आणि लांबून कळतं की या मांजराचं काम झालंय. नाहीतर तीच भाटी पुन्हा पिंजऱ्यात येते आणि कारण नसताना पुन्हा भूल घेते.

शस्त्रक्रियेनंतर बोका एक रात्र आणि भाटी एक ते तीन दिवस, भूल पूर्ण उतरून खाणंपिणं सुरू होईपर्यंत, कोरड्या आणि शांत जागी पिंजऱ्यात झाकून ठेवा. मांगर किंवा न्हाणीघराबाहेरची पडवी चालेल. पावसात ओल्या जमिनीवर ठेवू नका. दुखतंय असं वाटलं तरी घरातली पॅरासिटामॉलची गोळी द्यायची नाही. एका गोळीने मांजर मरतं. फरशी पुसायचं फिनेलही त्या जागेला लावू नका, मांजराच्या यकृताला ते निभावत नाही. मग ज्या जागी पकडलं त्याच जागी सोडायचं.

पिल्लांसाठी वेगळा रस्ता आहे. चार ते आठ आठवड्यांची असतील तर ती उचलून माणसाळवता येतात. जाड हातमोजे घालून उचला, एका खोलीत ठेवा, दिवसातून अनेकदा बोटावरून उकडलेल्या मासळीचा चिखल भरवा, घरातल्या आवाजांची सवय होऊ द्या. बहुतेक पिल्लं दोन-तीन आठवड्यांत माणसाच्या हाताला डोकं घासायला लागतात. पण उचलण्याआधी ती कुठल्या घरी जाणार हे ठरवा. चार महिन्यांपुढच्या पिल्लावर ही मेहनत बहुधा वाया जाते. त्याची नसबंदी करून आईजवळ सोडलेलं बरं. एक किलो वजन भरलं की निरोगी पिल्लाची शस्त्रक्रिया करता येते. तुम्ही लिहिलंय की गेल्या वेतातली पिल्लं उलट्या-जुलाब होऊन एकामागोमाग गेली. ते मांजरांच्या विषाणूजन्य साथीचं लक्षण असू शकतं. तो विषाणू माणसाला होत नाही, पण जागेत वर्षभर टिकतो. खोपीतली त्या पिल्लांखालची पोती जाळून टाका आणि नवी पिल्लं लस न देता तिथे ठेवू नका.

घरातल्या गरोदर बाईंबद्दल तुम्ही काळजीने विचारलंय. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग होऊ शकतो हे खरं, पण ताजी विष्ठा लगेच संसर्ग देत नाही. त्यातली परजीवीची बीजं पिकायला एक ते पाच दिवस लागतात आणि ती मातीत टिकतात. म्हणून परसातल्या मातीत काम करताना हातमोजे, नंतर साबणाने हात, माठ-मुळ्याची पाला-भाजी भरपूर पाण्यात धुवून, आणि मटण नीट शिजवून, एवढं त्यांनी पाळावं. बागेची खणाखणी या महिन्यांत दुसऱ्याने करावी. मांजर अंगणातून गेलं म्हणून काही होत नाही.

विष्ठेचा उपद्रव कमी करायचा तर मांजराला जागा द्यावी लागते. आगराच्या कोपऱ्यात, पागोळ्या पडणार नाहीत अशा ठिकाणी दोन घमेली कोरडी वाळू टाका. भाजीच्या वाफ्यांवर रोपं मोठी होईपर्यंत कोंबड्यांची जाळी आडवी पसरा, मोकळी भुसभुशीत माती दिसली नाही की ती वाळूकडे वळतात. मासळी साफ केलेली घाण दोन फूट खोल खड्ड्यात माडाच्या मुळाशी पुरा. वरवर पुरलीत तर रात्रीत उकरलेली दिसेल. वाळत घातलेल्या मासळीवर जाळं ताणून बांधा. कौलं आणि भिंत यांमधली फट बुजवायची असेल तर आधी माळ्यावर पिल्लं नाहीत याची खात्री करा. आणि उंदरांसाठी विष ठेवू नका, विष खाऊन सुस्तावलेला उंदीर पहिल्यांदा मांजराच्याच तोंडी लागतो. मांजरं आहेत म्हणून उंदीर संपतील असंही धरून चालू नका. ती लहान उंदीर मारतात, पण मोठ्या घुशीच्या वाटेला सहसा जात नाहीत. लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतातून होणाऱ्या तापाची, भीती आहे तिथे भाताची कणगी, कोंबड्यांचं खाद्य आणि खरकटं बंद ठेवणं हेच काम करतं.

किनाऱ्याबद्दल एक विनंती. वेळास-आंजर्ल्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, पिल्लं उन्हाळ्यापर्यंत निघत असतात. त्याच वाळूत छोटे चिखले पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. मांजर पोटभर असलं तरी हलणाऱ्या छोट्या जिवावर झडप घालतं, तो त्याचा स्वभाव आहे. म्हणून पुळणीवर मांजरांना खायला घालू नका आणि घालणाऱ्यांना तुमच्या परसातली जागा सुचवा. मला मांजरं आवडतात, आणि मला कासवंही जगायला हवी आहेत. दोन्हींना पुरेल एवढा किनारा आपल्याकडे आहे, फक्त ताटली कुठे ठेवायची हे बघायला हवं.

आता तुमची राखाडी भाटी, कारण सगळी सुरुवात तिच्यापासून झाली. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तिची आचळं गुलाबी आणि ओढलेली दिसतात, भोवतीचे केस गेलेत, म्हणजे ती पाजते आहे. तिची या वेतातली पिल्लं तुम्हाला दिसलेली नाहीत, म्हणजे ती अजून खोपीबाहेर पडण्याएवढी नसावीत. तिला आत्ता पकडू नका, दिवसभर आई नसली तर तान्ही पिल्लं जगत नाहीत. आधी बाकीच्या भाट्या घ्या, आणि तोवर तिला खाणं थोडं जास्त द्या. पिल्लं तिच्यामागे ताटलीपर्यंत यायला लागली की ती साधारण पाच आठवड्यांची असतात. त्या आठवड्यात पिल्लं उचला आणि लगोलग तिला पकडा, कारण त्यानंतर ती कधीही पुन्हा माजावर येईल. पाजत्या भाटीची शस्त्रक्रिया कुशीतून करता येते, हे डॉक्टरांना आधीच फोनवर विचारून ठेवा. आणि ती दोन वर्षांची अनुभवी आहे, इतरांना पिंजऱ्यात अडकताना तिने पाहिलेलं असेल, तेव्हा तिच्यासाठी पिंजरा जागा बदलून, झावळ्यांनी झाकून लावावा लागेल.